तुरटीचा खडा, नासलेले दूध आणि प्रथिनाची घडी

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात भीमा नदीवर बांधलेले उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. धरणाच्या फुगवट्याखाली कित्येक गावे गेली. पलीकडच्या काठावरचे पळसदेवचे जुने देऊळ आजही पाणी ओसरले की बाहेर डोकावते. काठावर नव्याने वसलेल्या गावांचे जगणे मात्र पार बदलले. ज्वारीची कोरडवाहू शेती करणारी माणसे ऊस, केळी, दूध आणि मासळी यांच्याकडे वळली.

या गावांमधल्या कोणत्याही घरात आपण डोकावलो, तर तीन साध्या गोष्टी पाहायला मिळतात. पावसाळ्यात पाणी गढूळ येते, तेव्हा घागरीत तुरटीचा खडा फिरवतात. थोड्या वेळात गाळ तळाशी बसतो. वैशाखाच्या उन्हात डेअरीवर पोचायला उशीर झाला, तर दूध नासते. आणि चिलापीच्या तुकड्यांना मीठ, हळद, लिंबू चोळून ठेवले, तर मासा चुलीवर चढण्याआधीच वरून पांढुरका दिसू लागतो.

या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? वरवर पाहता काहीच नाही. पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : कणांवरचा आणि रेणूंवरचा विद्युतभार. ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात कशी आली, तिच्यावरून त्यांचे मतभेद का झाले आणि शंभर वर्षांनंतर उत्तर कुठे येऊन पोचले, याचा हा इतिहास आहे.

घागरीपासून प्रथिनापर्यंत

गढूळ पाण्यातील मातीचे अतिसूक्ष्म कण ऋणभारित असतात. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते एकत्र येत नाहीत आणि खाली बसत नाहीत. तुरटीतील ॲल्युमिनियमचे आयन तिहेरी धनभाराचे असतात. ते कणांवरचा ऋणभार मारून टाकतात. दूर लोटणारे बळ गेले की कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळ गाठतात. मिठाने हे काम इतक्या सहजी होत नाही, कारण सोडियमचा भार एकेरी असतो. आयनाचा भार जितका जास्त तितका कलिल कण खाली बसवण्याचा त्याचा गुण कितीतरी पटींनी जास्त, हे हान्स शुल्झ यांनी १८८२ साली दाखवले. कणाच्या विरुद्ध भाराचा आयनच हे काम करतो, हे १९०० साली स्पष्ट केले ते केंब्रिजच्या विल्यम बेट हार्डी यांनी. विज्ञानाच्या पुस्तकांत हा नियम आजही शुल्झ-हार्डी नियम म्हणून ओळखला जातो.

आपल्या गोष्टीतला पहिला दुवा हे हार्डीच. ते मुळात जीवशास्त्रज्ञ होते. अंड्याचा पांढरा बलक त्यांनी ऊर्ध्वपातित पाण्यात पातळ केला, उकळला आणि गाळून घेतला. त्या धुरकट द्रवातून त्यांनी वीज सोडली. द्रवात किंचित अल्क असेल तेव्हा प्रथिनाचे कण धनाग्राकडे सरकत. किंचित आम्ल असेल तेव्हा तेच कण उलटे फिरून ऋणाग्राकडे जात. म्हणजे एकच प्रथिन कधी ऋणभारित असते, तर कधी धनभारित. दोहोंच्या मध्ये एक अशी अवस्था येई की कण कोणत्याच बाजूला सरकत नसत, आणि नेमके तेव्हाच ते एकमेकांना चिकटून साका होऊन खाली बसत. १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातून 'समविद्युत बिंदू' ही कल्पना पुढे आली. प्रथिनावरचा धनभार आणि ऋणभार ज्या ठिकाणी सारखे होतात, तो हा बिंदू.

त्याआधी १८८८ साली प्राग येथे फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी अंड्यातील प्रथिन साकळवण्याच्या ताकदीनुसार निरनिराळ्या क्षारांची क्रमवारी लावली होती. क्षारांचा प्रथिनांवर परिणाम होतो, हे त्यातून कळले. पण प्रथिन स्वतःच भार बाळगून असते आणि आम्ल-अल्काप्रमाणे तो बदलते, हे हार्डींच्या प्रयोगाने दिसले.

दुधाचा हिशेब

'किंचित आम्ल', 'किंचित अल्क' असे मोघम बोलून भागणार नव्हते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ साली सामू, म्हणजेच पीएच, मोजण्याची पट्टी दिली, आणि ती दिली तीसुद्धा विकरांचा अभ्यास करताना. आता हिशेब मांडता येऊ लागला.

ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.६ ते ६.७ असतो. दुधातील मुख्य प्रथिन केसीन. त्याचे रेणू कॅल्शियम फॉस्फेटच्या साहाय्याने एकत्र येऊन सूक्ष्म गोळे बनवतात. त्या गोळ्यांच्या पृष्ठभागावर केसीनच्याच एका प्रकाराची, कॅपा-केसीनची, ऋणभारित टोके केसांसारखी बाहेर आलेली असतात. हा प्रकार फॉन हिपेल आणि वॉ यांनी १९५६ साली वेगळा ओळखला. ही केसाळ, ऋणभारित टोके आहेत तोवर गोळे एकमेकांपासून अंतर राखून राहतात आणि दूध दूध राहते.

उन्हाळ्यात जिवाणू दुधातील शर्करेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. सामू उतरू लागतो, भार कमी होऊ लागतो, आतले कॅल्शियम फॉस्फेट विरघळून बाहेर पडते. ४.६ या सामूला केसीनवरचे दोन्ही भार समसमान होतात आणि घागरीतल्या गाळाप्रमाणे तेही एकत्र येते. सावकाश आणि निवांत झाले तर त्याला आपण दही म्हणतो. अवेळी झाले तर दूध नासले म्हणतो. रसायन एकच, पण एकाला भाव आहे आणि दुसऱ्याने दिवसाची कमाई जाते.

मराठी माणसांच्या ओळखीचे एक नाव

दुधातील आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास आपल्याकडे ज्यांनी सुरुवातीच्या काळात केला, त्यांत एक नाव आवर्जून सांगायला हवे. ते म्हणजे कमला भागवत, पुढच्या डॉ. कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर अटी घालून, एक वर्ष पारखून पाहण्याच्या बोलीवर त्यांना प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी अन्नपदार्थांतील प्रथिनांवर काम केले आणि त्या कामाने संस्थेची दारे मुलींना उघडली.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम-सी हे प्रथिन असते, हे बटाट्यावर काम करताना त्यांना दिसले आणि १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. सायटोक्रोम-सीवर धनभारित अमिनो आम्लांची गर्दी असते. पेशीत ज्या प्रथिनांशी त्याला इलेक्ट्रॉनची देवघेव करायची असते, त्यांच्या पृष्ठभागावर त्या जागी ऋणभार असतो. भार इथे नुसते साकळण्याचे कारण उरत नाहीत. ते जोडीदार ओळखण्याची खूणही होतात.

मायदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक प्रथिनांचा अभ्यास केला. ट्रिप्सिन हे आपल्या पचनमार्गातील विकर. कच्च्या कडधान्यातील रोधक प्रथिने त्याला अडवतात. शिजवल्यावर या प्रथिनांची घडी मोडते आणि अडवणूक बरीच कमी होते. वाल-पावटा नीट शिजवून खावा, या घरच्या शिकवणीला असा आधार आहे.

आता 'घडी' हा शब्द आला आहे, तर त्याकडे वळू.

घडी म्हणजे काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ही साखळी बहुतेक वेळा ठरावीक आकारात दुमडून बसते. हा आकार टिकला तरच प्रथिन काम करते. प्रथिन 'बिघडणे' म्हणजे ही दुमडलेली साखळी उलगडणे, असे चीनमधील शास्त्रज्ञ शिएन वू यांनी १९३१ साली मांडले. १९३६ साली मर्स्की आणि पॉलिंग यांनीही साखळी विशिष्ट आकारात बांधली गेलेली असते आणि ते बंध तुटले की आकार जातो, असे सांगितले.

घरचेच उदाहरण घ्या. व्यालेल्या म्हशीचा चीक तापवला की घट्ट होतो आणि खरवस तयार होतो. नेहमीचे दूध मात्र कितीही उकळा, त्याचा खरवस होत नाही. असे का? चिकात घडी असलेली प्रथिने, विशेषतः रोगप्रतिकारक प्रथिने, भरपूर असतात. उष्णतेने त्यांची घडी उलगडते, साखळ्या एकमेकींत अडकतात आणि जाळे तयार होते. केसीनला मात्र पक्की घडीच नसते. जिला घडी नाही ती उष्णतेने काय मोडणार? त्याला वेगळे ठेवतो तो भार, आणि उकळल्याने भार जात नाही. लिंबू पिळल्याने जातो.

माशाची गोष्ट यापुढची. माशाच्या स्नायूंतील प्रथिनांना घडी असते. लिंबाच्या रसातील आम्लाने प्रथिनांवरचे भार बदलतात. घडी जमवून ठेवणाऱ्या धन-ऋण जोड्या मोडतात, सारख्या भारांची गर्दी होऊन साखळीचे भाग एकमेकांना लोटू लागतात आणि घडी सैल होते. आत दडलेले, पाण्याला नाखूष असणारे भाग उघडे पडतात आणि शेजारच्या रेणूच्या तशाच भागांना चिकटतात. मासा पांढुरका दिसतो तो त्यामुळे. आच न लावता जणू तो शिजू लागतो.

सोपे उत्तर आणि पाण्याची आडकाठी

यावरून सरळ निष्कर्ष निघतो असे वाटते : विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, म्हणून धन आणि ऋण अमिनो आम्लांच्या जोड्या, ज्यांना 'क्षारसेतू' म्हणतात, त्या प्रथिनाची घडी बांधून ठेवत असणार. उत्तर सोपे आहे, पटणारे आहे आणि वर्गात सांगायला सोयीचे आहे. पण ते अपुरे आहे.

कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी १९२४ साली प्रथिनाला एक गोळा मानून, त्याच्या पृष्ठभागावर भार सारखा पसरला आहे असे धरून पहिले गणित मांडले. त्यात आकार नव्हता, घडी नव्हती. तरी सामूप्रमाणे प्रथिन कसे वागेल याचा चांगला अंदाज त्यातून येई. १९५७ साली टॅनफर्ड आणि कर्कवुड यांनी भारांना त्यांच्या स्वतंत्र जागा देऊन गणित सुधारले.

खरी आडकाठी होती पाण्याची. चार अँगस्ट्रॉम अंतरावरचे एक धन आणि एक ऋण भार निर्वातात एकमेकांना ८० किलोकॅलरी प्रति मोलहून अधिक ऊर्जेने बांधतात. तेच पाण्यात ठेवले तर ही ऊर्जा जेमतेम १ किलोकॅलरी उरते, कारण पाण्याचे रेणू स्वतः ध्रुवीय असतात आणि दोन्ही भारांना गराडा घालतात. म्हणजे उलगडलेल्या साखळीतील भार एकटे नसतात. पाण्याच्या संगतीत ते सुखात असतात. घडीच्या आत जायचे तर ही संगत सोडावी लागते आणि तिची किंमत मोजावी लागते. नवा जोडीदार मिळाला तरी ती किंमत भरून निघेलच असे नाही.

१९५९ साली कॉझमन यांनी हा मुद्दा लक्षात घेऊन सांगितले की घडीचा मुख्य आधार भारांचे आकर्षण नसून पाण्याला नाखूष असणाऱ्या भागांचे आत दडणे हा आहे. तेलाचे थेंब पाण्यात एकत्र येतात तसे. यानंतर भारांचे महत्त्व काही काळ मागे पडले.

एकाच वर्षातील दोन निकाल

ते पुन्हा पुढे आणले मॅक्स पेरुत्झ यांनी. कमलाबाई केंब्रिजला होत्या त्याच वर्षांत हा तरुण तिथे हिमोग्लोबिनच्या स्फटिकांचे क्ष-किरण फोटो काढत होता. १९७० साली त्यांनी दाखवले की हिमोग्लोबिनचा ऑक्सिजनविरहित आकार काही क्षारसेतूंनी धरून ठेवलेला असतो आणि ऑक्सिजन घेताना ते सुटतात. १९७५ साली पेरुत्झ आणि राइट यांनी उष्ण जागी राहणाऱ्या जिवाणूंच्या फेरेडॉक्सिन प्रथिनाची तुलना साध्या जिवाणूंच्या प्रथिनाशी केली. उष्णता सोसणाऱ्या प्रथिनात पृष्ठभागावर जादा क्षारसेतू असावेत, असे त्यांना आढळले.

मग कोण बरोबर? कॉझमन की पेरुत्झ? १९९४ साली हेंड्श आणि टिडॉर यांनी संगणकाने हिशेब केला. त्यांनी तपासलेल्या क्षारसेतूंपैकी बहुतेकांच्या जागी पाण्याला नाखूष असणारी अमिनो आम्ले असती, तर प्रथिन अधिकच स्थिर झाले असते, असे उत्तर आले. १९९५ साली रॉबर्ट सॉअर यांच्या गटाने हे प्रयोगाने पाहिले. 'आर्क' नावाच्या एका छोट्या प्रथिनाच्या आत तीन भारित अमिनो आम्लांचा क्षारसेतू आहे. तो काढून तिथे भार नसलेली अमिनो आम्ले घातली. प्रथिन मोडले तर नाहीच, उलट आधीपेक्षा स्थिर झाले!

पण त्याच १९९५ साली दुसरा निकाल आला. पायरोकॉकस फ्युरिओसस हा सूक्ष्मजीव १०० अंश सेल्सियसच्या आसपास सुखाने वाढतो. त्याच्या एका विकराची रचना उलगडली, तेव्हा त्यात क्षारसेतूंची मोठमोठी जाळी दिसली. साध्या सूक्ष्मजीवांच्या त्याच विकरात ती तशी नव्हती.

दोन्ही निकाल खरे आहेत. उच्च तापमानाला पाण्याची भारांवरची पकड सैल होते, म्हणून पाणी सोडण्याची किंमत कमी पडते. शिवाय जाळ्यातील एका भाराला जोडीदार अनेक असतात. भार घडीला मदत करतो की अडथळा आणतो, हे तो पृष्ठभागावर आहे की आत, शेजारी कोण आहे, सामू किती, क्षार किती आणि तापमान किती, यावर ठरते. प्रथिनाची एकूण स्थिरता साधारण ५ ते १५ किलोकॅलरी इतकीच असते. मोठ्या जमेतून मोठा खर्च वजा जाऊन राहिलेली ही लहानशी शिल्लक. एखाद्या भाराची जागा चुकली तरी हिशेब फिरतो.

स्थिरतेपेक्षा काम मोठे

मग निसर्ग असे गैरसोयीचे भार ठेवतो तरी कशाला? याचे एक सुरेख उत्तर बारस्टार या छोट्या प्रथिनाने दिले. एक जिवाणू बार्नेज नावाचे आरएनए तोडणारे विकर बनवतो. ते पेशीच्या आत मोकाट सुटले तर पेशीच मरेल. म्हणून तो सोबत बारस्टार बनवतो, जे बार्नेजला घट्ट धरते. बार्नेजच्या त्या जागी धनभार आहे, तर बारस्टारवर ऋणभारांची गर्दी. आकर्षणामुळे दोघे फार वेगाने भेटतात. ॲलन फर्श्ट यांच्या गटाने १९९४ साली दाखवले की बारस्टारवरचे हे ऋणभार एकेक काढले तर ते अधिक स्थिर होते, पण त्याची बार्नेजवरची पकड सुटते. सारखे भार जवळ बसवल्याची झळ बारस्टार सोसते, कारण तिथेच त्याचे काम आहे.

याच बारस्टारच्या घडीचा अभ्यास आपल्या देशातही बारकाईने झाला आहे. जयंत उदगावकर यांनी रॉबर्ट बाल्डविन यांच्यासह १९८८ साली घडी पडतानाची एक मधली अवस्था पकडली होती. पुढे बंगलोरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात त्यांनी बारस्टार हाती घेतले. आम्लात बारस्टार पूर्ण उलगडत नाही, तर एका सैल, अर्धवट घडीच्या रूपात जाते, हे खुराना आणि उदगावकर यांनी १९९४ साली मांडले. माशावरच्या लिंबाची हीच गोष्ट, मोजून मापून सांगितलेली. उदगावकर नंतर पुण्याच्या आयसर संस्थेचे संचालक झाले.

पुन्हा डेअरीच्या दारात

आता उजनीच्या काठावर परत येऊ. अनेक संकलन केंद्रांवर दुधात तितकेच अल्कोहोल मिसळून पाहतात. अल्कोहोलमुळे द्रवाची भारांना गराडा घालण्याची ताकद घटते आणि कॅपा-केसीनची केसाळ टोके आखडतात. दूध आधीच आंबट झाले असेल तर लगेच कण दिसतात आणि ते परत जाते. पण दूध न आंबताही ही चाचणी बिघडू शकते. जनावर वेताच्या अखेरीस असेल, चारा अपुरा असेल, क्षारांचा तोल गेला असेल, तर दुधात मोकळे कॅल्शियम वाढते. कॅल्शियमचा दुहेरी धनभार तुरटीसारखेच काम करतो. अशा वेळी कण दिसले म्हणून बाईने शिळे दूध आणले असे ठरवणे अन्यायाचे होईल. सोबत आम्लता मोजली, तर दोष शिळेपणाचा की गोठ्यातल्या चाऱ्याचा, हे कळते. ज्यांच्या घरचा आठवडा दुधाच्या पैशावर चालतो, त्यांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

शिक्षक मित्रांनो, हा सारा इतिहास एका तासात वर्गात दाखवता येतो. साय काढलेले, न तापवलेले दूध घ्या आणि त्यात थेंब थेंब लिंबू पिळत चला. बराच वेळ काही होत नाही आणि मग एकाएकी चोथा वेगळा होतो. तो फडक्याने गाळून पाण्याने धुवा. थोड्या चोथ्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी घालून ढवळा. तो बराचसा पुन्हा विरघळतो, कारण गेलेला भार परत आला. आता गाळून उरलेली निवळी तापवा. तिच्यातून पुन्हा पांढरे कण सुटतील. ही घडी असलेली प्रथिने. लिंबाला ती बधली नव्हती, उष्णतेला बधली. या कणांवरही सोड्याचे पाणी घालून पाहा. ते पहिल्यासारखे सहज विरघळत नाहीत.

एक साकळणे भाराचे, दुसरे घडी मोडल्याचे. दोन्ही भांडी शेजारी ठेवा आणि मुलांनाच विचारा : दूध नासते तेव्हा यांपैकी नेमके काय झाले? उत्तर पाठ्यपुस्तकातून न येता भांड्यातून येईल.